कानात सांगितलेला सिनेमा

ईदच्या दुसऱ्या दिवशी सिनेमाला जाण्याचा रिवाज आमच्या घरात जुना आहे. पहिला दिवस नमाजाचा, शिरखुर्म्याचा आणि पाहुण्यांचा. बासी ईद मात्र मुलांची. काही वर्षांपूर्वी अशाच एका बासी ईदला आम्ही घरातली सात माणसे वसईतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो. सोबत आमची खाला होती. वय सत्तरीच्या पुढे, जन्म सोपाऱ्याचा, बोली कोकणी. सिनेमा हिंदी होता, आणि भरभर बोललेली हिंदी खालाला पुरती कळत नाही. म्हणून आम्ही अधूनमधून तिच्या कानात सांगत होतो. हा त्याचा भाऊ, ही त्या वकिलाची मुलगी, आता ही माणसे गाव सोडून निघाली. मागच्या रांगेतला एक तरुण पुढे वाकला आणि म्हणाला, ''काका, बोलायचंच असेल तर घरी टीव्हीवर बघा ना.''

त्याचे म्हणणे चूक नव्हते. त्यानेही पैसे मोजले होते. आम्ही गप्प झालो. मध्यंतरानंतर खाला पडद्याकडे पाहत होती, पण सिनेमा तिच्यापुरता संपला होता. परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, ''पूर्वी असं नव्हतं रे.''

जुन्या माणसांना पूर्वीचे सगळेच चांगले वाटते, असे म्हणून आपण हे वाक्य सोडून देऊ शकतो. आम्हाला ते सोडता आले नाही. पूर्वी नेमके काय होते? सिनेमागृहात गप्प बसावे हा शिष्टाचार कोणी, केव्हा ठरवला? आणि बोलणारे लोक बोलत होते ते कशासाठी? या प्रश्नांचा माग काढताना आम्ही सिनेमाच्या इतिहासातून निघालो आणि आमच्याच घराच्या भाषेपाशी येऊन पोहोचलो.

प्रेक्षकाने अंधारात, एका दिशेला तोंड करून, मुकाट्याने बसायचे ही रीत जगातही फार जुनी नाही. युरोपातल्या संगीतनाट्यगृहांत एके काळी खेळ चालू असताना दिवे जळत असत. लोक एकमेकांना भेटत, बोलत, खात-पीत. जर्मनीत बायरॉइट येथे 1876 साली वाग्नरने आपले नाट्यगृह उघडले आणि प्रेक्षागृहात अंधार केला, तेव्हा तो प्रकार लोकांना नवा वाटला. अमेरिकेत सिनेमा सुरू झाल्यावर पडद्यावर पाट्या दाखवाव्या लागत. मोठ्याने बोलू नका, शिट्ट्या मारू नका, बायांनी कृपया टोप्या काढाव्यात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 1909 साली बायांच्या या भल्यामोठ्या टोप्यांवरच एक छोटा विनोदी चित्रपट काढला. म्हणजे गप्प बसण्याची ही सवय गोऱ्या माणसालाही जन्मजात नव्हती. त्यालाही ती शिकवावी लागली.

आपल्याकडे करमणुकीची रीत तर उलटीच होती. कीर्तनात बुवा विचारतात आणि श्रोते उत्तर देतात. तमाशात फडासमोरचा माणूस सोंगाड्याला जबाब देतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल 1880 साली रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने 'वन्स मोअर'चा हक्कच मिळवला. गाणे आवडले की नाटक थांबे, कथा थांबे, आणि मेलेला राजासुद्धा उठून पुन्हा गाई, असा विनोद जुनी माणसे सांगत. आमच्याकडच्या मुशायऱ्यात तर गप्प बसणे हाच शायराचा अपमान. शेर चांगला झाला आणि 'वाह वा' आले नाही, 'मुकर्रर' आले नाही, तर शायराचा चेहरा उतरतो.

मौन पाळण्याची जागाही आम्हाला माहीत होती. जुम्याच्या दिवशी इमाम खुतबा देत असताना बोलायचे नाही. त्यावेळी शेजाऱ्याला 'गप्प राहा' म्हणणाऱ्यानेही व्यर्थ बोलणेच केले, अशा अर्थाची हदीस लहानपणीच मुलांच्या कानांवर पडते. तेव्हा कुठे बोलायचे आणि कुठे नाही याचे भान नसलेला हा समाज नव्हता. सिनेमागृह हे मशिदीसारखे की मुशायऱ्यासारखे, एवढाच प्रश्न होता. आमच्या वाडवडिलांनी त्याचे उत्तर मुशायऱ्याच्या बाजूने दिले.

मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दिसला तो 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींच्या त्या खेळाला तिकीट एक रुपया होते. त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे तिकिटे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवली गेली, आणि गोषातल्या स्त्रिया व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स असल्याची जाहिरात झाली. ही बारीक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिनेमा या देशात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच पडदानशीन बाई प्रेक्षक म्हणून गृहीत धरली गेली होती.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि आपला सिनेमा सुरू झाला. तो मुका होता, पण प्रेक्षागृह मुके नव्हते. मूकपटात मधूनमधून पाट्या येत. मुंबईच्या मूकपटांत त्या बरेचदा एकाहून अधिक लिप्यांत असत. पण वाचणार कोण? 1931च्या जनगणनेतही या देशात शंभरात दहा माणसे साक्षर नव्हती. म्हणून ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि आजूबाजूचे ऐकत. ती त्याची बेअदबी नव्हती, ते त्याचे काम होते. पाटी आली आणि साक्षर माणूस गप्प बसला, तर तो आखडू ठरे.

जपानमध्ये हेच काम धंदा म्हणून चाले. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा 'बेन्शी' तिथे इतका लोकप्रिय होता की लोक नटापेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढत. बोलपट आला आणि बेन्शींचे पोट गेले. थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे वडील बंधू बेन्शी होते. त्यांनी 1933 साली आत्महत्या केली. आपल्याकडे पाट्या वाचणारा कोणी नोकर नव्हता, त्यामुळे त्याची नोकरीही गेली नाही. त्याचे काम मात्र बदलले.

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला. पडदा बोलू लागला. चार आण्यांची तिकिटे काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली. नायिका होती जुबेदा, फातमा बेगम यांची मुलगी. याच फातमा बेगमनी 1926 साली 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला आणि त्या या देशातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक ठरल्या. 'आलम आरा'तले पहिले गाणे पडद्यावर गायले ते फकिराच्या वेशातल्या वजीर मोहम्मद खान यांनी. आज या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही.

पडदा बोलू लागल्यावर खरे तर प्रेक्षकाने गप्प व्हायला हवे होते. पाटी वाचण्याची गरज संपली होती. पण इथे नवी अडचण उभी राहिली. पडदा बोलत होता, पण कोणत्या भाषेत? 'आलम आरा'ची भाषा हिंदुस्थानी, उर्दूकडे झुकलेली. मराठी बोलपट पुढच्या वर्षी, 1932 साली, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने आला. तरी मुंबईच्या पडद्यावर जोर राहिला तो हिंदुस्थानीचाच. अशा वेळी पाटी वाचणारा गेला आणि त्याच्या खुर्चीवर अर्थ सांगणारा येऊन बसला.

आता वसईकडे येऊ. 1936 साली विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईचे सिनेमागृह आमच्या टप्प्यात आले. त्या काळची वसई म्हणजे बोलींचे आगर. ख्रिस्ती कुपारी समाजाची सामवेदी, वाडवळांची वाडवळी, आगऱ्यांची आगरी, पूर्वेच्या डोंगराकडे वारली, बाजारात गुजराती. आणि सोपाऱ्यासारख्या गावांत आमची, म्हणजे कोकणी मुसलमानांची कोकणी. अरब प्रवाशांनी हजार वर्षांपूर्वी 'सुबारा' म्हणून लिहून ठेवलेले बंदर ते हेच सोपारा. इतक्या बोली, पण त्यांतल्या एकीतही पडद्यावरची नायिका बोलत नव्हती. हिंदी सिनेमा इथल्या प्रत्येकच बाईला अर्धा परका होता.

खालाने आम्हाला 'मुघल-ए-आझम'ची गोष्ट अनेकदा सांगितली आहे. के. आसिफ यांचा हा चित्रपट 5 ऑगस्ट 1960 रोजी मराठा मंदिरात लागला. तिकिटांसाठी लोक घरचे डबे मागवून फुटपाथवर झोपले, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरच्यांना तिकिटे मिळाली ती पुष्कळ महिन्यांनी. सोपाऱ्याहून बाया-माणसे लोकलने बॉम्बे सेंट्रलला उतरली. सोबत वाडीतल्या दोन ख्रिस्ती बायाही होत्या. खाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. नाना, म्हणजे तिचे वडील, वसईला कचेरीत कारकून होते. ते रांगेच्या मधोमध बसले, दोन्ही बाजूंना बाया.

वजाहत मिर्झा, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि अमान या चौघांनी लिहिलेले ते संवाद. सेन्सॉरच्या दाखल्यावर भाषा हिंदी, पण कानाला अस्सल दरबारी उर्दू. पहिला भरजरी संवाद झाला आणि शेजारच्या ख्रिस्ती बाईने खालाच्या आईला कोपराने ढोसले. ''काय बोलला गे तो? तुमचीच भाषा ना ही?'' खालाच्या आईला काय उत्तर द्यावे ते कळेना. तिलाही एक अक्षर समजले नव्हते. तिने कुराण अरबीत वाचले होते, अर्थ न समजता. संसार केला होता कोकणीत. उर्दू तिच्यापासून शेजारणीइतकीच दूर होती. तिने शरमेने मान खाली घातली आणि नानांना विचारले.

नानांनाही उर्दू बेताचीच येत होती. पण त्यांच्याजवळ एक किल्ली होती, कचेरीची मराठी. फर्याद म्हणजे आपली फिर्याद. कैद ती कैदच. इन्साफ, फर्मान, तख्त, गुन्हा, जामीन, मुदत, हजर, हे सारे शब्द ते रोज दप्तरात लिहीत होते. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दांना पर्याय देण्यासाठी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी पुष्कळ शब्द मराठीने सोडले नाहीत. त्याच शब्दांच्या आधाराने नाना अकबराचा दरबार कोकणीत सांगत गेले. कनीज म्हणजे दासी. जिल्ले इलाही म्हणजे बादशहा, आपण सरकार म्हणतो तसे. ख्रिस्ती बाया ऐकत होत्या, घरच्या ऐकत होत्या. पुढच्या रांगेतला एक अनोळखी माणूस मागे वळला, तेव्हा खालाला वाटले आता हा रागावणार. त्याने विचारले, ''आत्ता काय म्हणाली ती? जरा मोठ्यानं सांगा.''

ही गोष्ट खाला हसत सांगते. आम्हाला मात्र तिच्या आईची खाली गेलेली मान दिसते. मुसलमान म्हणजे उर्दू हा समज आपल्या पाठीला किती जुना चिकटला आहे! शेजारी प्रेमाने विचारतात, ''तुमची भाषा ना?'' मुंबईचे नातेवाईक तोऱ्याने विचारतात, ''उर्दू येत नाही, मग कसले मुसलमान?'' दोन्ही बाजूंनी उत्तर देताना कोकणच्या, देशावरच्या, मराठवाड्याच्या बाईची जीभ अडखळते. सिनेमागृहाच्या अंधारात मात्र खरे काय ते उघड होत होते. तिथे मुसलमान बाईला 'मुघल-ए-आझम' समजायला मराठी लागत होती. याहून मोठा पुरावा कोणत्या संमेलनाच्या ठरावाने दिला असता? कुजबुजीने दिलेला हा पुरावा कोणी लिहून ठेवला नाही, एवढेच.

याचा अर्थ जुन्या सिनेमागृहातले सारे बोलणे पवित्र होते, असे आम्ही म्हणत नाही. पिटातून येणाऱ्या शिट्ट्या, नायिकेच्या अंगावर फेकलेले शब्द आणि पडद्यावर न थांबता प्रेक्षक बायांपर्यंत पोहोचणारे घाणेरडे शेरे, हेही तिथेच होते. कित्येक घरांतल्या मुलींचे सिनेमाला जाणे त्या शेऱ्यांनीच बंद झाले. डोअरकीपरची बॅटरी त्या दिशेला वळली की बायांना हायसे वाटे. म्हणून 'शांतता राखा' ही पाटी निरर्थक नव्हती. पण जुना प्रेक्षक दोन प्रकारचे बोलणे वेगळे ओळखत होता. एक बोलणे शेजारच्याला सिनेमात आत घेते, दुसरे त्याला बाहेर ढकलते. अर्थ सांगावा, पण शेवट सांगू नये. गाण्यात बोलू नये. पडद्यावर मयत असेल तर अजिबात बोलू नये. मूल रडले तर बापाने उठून बाहेर न्यावे, कारण आईला बाहेर पडायला मिळते तेच मुळी वर्षातून दोनदा. हे नियम कुठे टांगलेले नव्हते, तरी पाळले जात.

पुढे अर्थ सांगण्याची गरजच कमी होत गेली. रेडिओने गाणी घराघरांत नेली. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि रविवारी संध्याकाळी एका घरच्या टीव्हीसमोर अख्खी वाडी बसू लागली. 15 ऑगस्ट 1975 रोजी 'शोले' लागला. सलीम-जावेद यांचे संवाद लोकांना इतके पाठ झाले की त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. आता प्रेक्षक पडद्यामागोमाग अर्थ सांगत नव्हता, पडद्याच्या आधी संवाद म्हणत होता. गब्बरने तोंड उघडण्यापूर्वी सगळे थिएटर बोले. त्याच साली 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून बसले, पडद्यावर फुले-पैसे उधळले. ज्याला सिनेमा आधीच ठाऊक आहे त्याचे हे बोलणे. ते आनंदाचे होते, पण ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी त्यात जागा कमी होती.

आणि मग वसईच बदलली. मुंबईत घर न परवडणारी माणसे गाड्या भरभरून इकडे आली. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजारांवर गेली. 2014 साली ठाणे जिल्हा तुटून पालघर झाला. मिठागरे, केळीच्या बागा आणि बोली मागे सरल्या, रस्त्यावर हिंदी आली. आमच्या घरातली मुले आता एकमेकांत हिंदीच बोलतात. त्यांना कोणी अर्थ सांगावा लागत नाही. मल्टिप्लेक्समध्ये प्रत्येकाची खुर्ची वेगळी, दोहोंच्या मध्ये जाड हात, आवाज असा की कुजबूज ऐकूच येऊ नये. तिथे आता मोबाइलचा उजेड हाच मोठा गुन्हा, आणि तो खराच त्रासदायक आहे. त्या तरुणाने आम्हाला गप्प केले तेव्हा त्याला दोन गोष्टींतला फरक माहीत नसावा. त्याच्या आयुष्यात सिनेमा न कळणारे माणूस शेजारी कधी बसलेच नसेल.

नियमाने येते ती शांतता आणि सिनेमाने येते ती शांतता यांत फरक आहे. 29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' लागला. आम्ही तो विरारला भरगच्च गर्दीत पाहिला. गाण्यांना पोरे खुर्च्या सोडून नाचली. पण शेवटी पडद्यावरचा आवाजच बंद होतो, आणि त्या लहान पोराची रक्ताळलेली पावले उमटतात, तेव्हा तीच पोरे अशी गप्प झाली की कोणाचा श्वासही ऐकू येऊ नये. कुठलीही पाटी नव्हती, कुठलीही बॅटरी नव्हती.

त्या दिवशी आमची नात शेजारी होती. हिंदीत वाढलेली पोर. परश्याच्या मित्राला, सलीम शेखला, करमाळ्याकडची ठसक्यातली मराठी बोलताना पाहून तिने हळूच विचारले, ''दादा, हा मुसलमान आहे ना? मग असा का बोलतो?'' साठ वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती शेजारणीने खालाच्या आईला विचारलेला प्रश्न आता आमच्याच घरातून, उलट्या बाजूने आला होता. आम्ही तिच्या कानाशी वाकलो आणि सांगितले, ''अगं, ही आपलीच भाषा आहे.'' कोणी मागून हटकले नाही. हटकले असते तरी एवढे वाक्य आम्ही पुरे केले असते.

मार्च 2024मध्ये केंद्र सरकारने सिनेमागृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचे दृश्य कानात सांगणारा आवाज असावा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर अक्षरे असावीत. मूकपटाची पाटी परत आली, आणि तिच्या जोडीला कानात सांगणारा नानाही परत आला, या वेळी यंत्र होऊन. चांगलेच झाले. पण खालासारख्या बाईसाठी अजून कोणतेही यंत्र नाही. तिला लागतो तो शेजारी बसलेला माणूस, आणि मागच्या रांगेतली थोडी सबुरी.

येत्या बासी ईदला आम्ही तिला पुन्हा घेऊन जाणार आहोत. सकाळच्या खेळाला, गर्दी कमी असते तेव्हा, अगदी कडेच्या खुर्च्यांवर. तिच्या एका बाजूला आम्ही बसू, दुसऱ्या बाजूला नात. सांगायचे काम आता नातीने शिकायला हवे. त्यासाठी तिला आधी कोकणी शिकावी लागेल, हे खालाने तिला आत्तापासूनच बजावून ठेवले आहे.